दहाचं नाणं आणि माझा उजवा पाय

नाणं माझ्या पर्समध्ये होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे नवऱ्यापासून मॅनेजरपर्यंत ज्यानं त्यानं मला हेच विचारलं, "दहाचं नाणं नव्हतं का तुमच्याकडे?" होतं. एक नव्हे, दोन होती. मी घातलं नाही.

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. घर धारवाडात, सप्तापूरला. दिवाळीच्या थोडं आधी घराजवळच्याच वळणावर, कुणाच्या तरी बांधकामाच्या वाळूवरून माझी स्कूटर घसरली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, दोन महिने अंथरुणात गेले. मग फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "आता चालायला लागा. रोज अर्धा तास, सपाट जमिनीवर, हाताला आधार धरून." आधार म्हणून ॲल्युमिनियमचा वॉकर घरी आला. तो उचलायचा, पुढे ठेवायचा, मग एक पाऊल टाकायचं, परत उचलायचा.

सप्तापुरात सपाट जमीन कुठून आणायची? फूटपाथ म्हणजे गटारावरच्या फरशा. एक हलते, दुसरी जागेवरच नाही. खोल्या घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मोटरसायकली आडव्या लावलेल्या. तरीही मी निघाले. गल्लीच्या टोकापर्यंत पोचले तर समोरून येणारी कॉलेजची मुलगी बाजूला सरकली आणि अगदी मायेनं, कानडी ढंगात म्हणाली, "अज्जी, सावकाश री."

अज्जी! मला पन्नासावं अजून लागायचं होतं. वर्गात मी नुसतं फळ्याकडे वळले तरी साठ पोरं गप्प बसतात. त्या मुलीचा काही दोष नव्हता, पण मी तिथूनच मागे फिरले आणि वॉकर कपाटाच्या आड ठेवून दिला.

नवरा हुबळीला सरकारी कचेरीत आहे. रोज सकाळी गाडीनं जातो. एका रविवारी महिन्याचं सामान आणायला तो मला रायापूरच्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये घेऊन गेला, म्हणाला, "घरात बसून बसून चिडचिडी झालीस, चल जरा." वॉकर त्यानं गाडीत घातला होता. मी तो घेतला नाही. दारातली ट्रॉली धरली आणि आत गेले.

आत गेल्यावर दहा पावलांत लक्षात आलं की मी चालतेय. फरशी गुळगुळीत, कुठे पायरी नाही, उन्हाचा त्रास नाही, आणि दोन्ही हातांत धरायला पक्की दांडी. मुख्य म्हणजे कुणी बघत नव्हतं. ट्रॉली ढकलणारी बाई म्हणजे सामान घ्यायला आलेली बाई. तिचा पाय बघायला वेळ कुणाला आहे? त्या दिवशी मी कडधान्यांपासून साबणांपर्यंत चार फेऱ्या मारल्या. नवरा बिलाच्या रांगेत उभा राहून माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "काय हरवलंय का तुझं?"

दुसऱ्या दिवसापासून मी रोज जायला लागले. दुकान उघडायच्या वेळेला नवरा मला रायापूरला सोडायचा आणि पुढे हुबळीला जायचा. मी अर्धा तास चालायचे आणि रिक्षानं घरी यायचे. रिकाम्या हातानं कधी बाहेर पडले नाही. कधी जिऱ्याचं पाकीट, कधी साबण, काही ना काही घ्यायचेच.

एक अडचण होती. रिकामी ट्रॉली हलकी असते. जरा भार टाकला की पुढे पळते आणि आपण मागे राहतो. दुसऱ्याच दिवशी मी पडता पडता वाचले. ट्रॉल्या गोळा करून दारात रांगेनं लावणारी एक बाई होती, तिनं ते बघितलं. अळणावरजवळच्या खेड्यातून यायची, आमच्यासारखीच मराठी बोलणारी, तिशीतली, काटक. ती काही न बोलता पाच पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या घेऊन आली आणि माझ्या ट्रॉलीत ठेवून म्हणाली, "आता ढकला अक्का. आता न्हाई पळायची."

खरंच नाही पळाली. मग तो नेमच झाला. मी आले की ती तांदूळ चढवायची आणि माझ्या फेऱ्या झाल्या की उतरवून जागेवर ठेवायची. रोज दहा किलो तांदूळ माझ्याबरोबर दुकानभर हिंडून यायचे. तिच्याच गावची दुसरी बाई दारात सिक्युरिटीच्या निळ्या कपड्यांत उभी असायची. ती वयानं मोठी होती, मला बघून हसायची आणि विचारायची, "आज किती फेऱ्या?" चौदापर्यंत मजल गेली होती.

मग एका सोमवारी ट्रॉल्यांना कुलपं आली.

प्रत्येक ट्रॉलीच्या दांडीवर एक डबी आणि तिच्यात पुढच्या ट्रॉलीची साखळी अडकवलेली. डबीच्या फटीत दहाचं नाणं घातलं की साखळी सुटते. काम झाल्यावर ट्रॉली परत रांगेत आणून साखळी अडकवली की नाणं बाहेर येतं. म्हणजे पैसे जात नाहीत, नुसते अडकतात. कन्नडमध्ये मोठा बोर्ड लावला होता. खाली चित्रंही होती.

आमच्या भागात दहाचं नाणं कुणी घेत नाही. खोटी नाणी आलीत अशी आवई कधीतरी उठली, ती गेलीच नाही. भाजीवाली घेत नाही, रिक्षावाला घेत नाही, पिठाच्या गिरणीतही परत करतात. त्यामुळे कुणाच्या खिशात ते नसतंच. आणि कुलपाला हवं होतं नेमकं तेच.

त्या आठवड्यात दारात जो तमाशा झाला, तो मी रोज बघितला. एक गृहस्थ पाचशेची नोट त्या डबीसमोर नाचवत ओरडत होते, "हे चालत नाही का तुमच्या पेटीला?" एका बाईंनी पदराचीच झोळी करून त्यात तेल, साखर, डाळ भरली आणि बिलाच्या टेबलाजवळ सगळं सांडलं. कुणी शीतपेयाच्या बाटलीचं झाकण ठोकून सपाट करून आणलं. ते फटीत गेलं आणि तिथंच बसलं. नाणं बाहेर येत नाही म्हणून एकानं ट्रॉलीला लाथ घातली. आणि प्रत्येक जण शेवटी त्या दारातल्या बाईवर ओरडायचा, जणू ती कुलपं तिनंच घरून आणली होती. ती प्रत्येकाला तेच सांगायची, "मी काय करू? वरनं आलंय."

पहिल्या दिवशी मीही तिच्यावर ओरडले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण ओरडले. म्हटलं, "माझा पाय तुम्हाला माहीत आहे, आणि मलाही नाणं मागता?" तिनं मान खाली घातली.

घरी येऊन देवापुढच्या वाटीतली नाणी शोधली. दहाची तीन निघाली. दुसऱ्या दिवसापासून मी मुकाट्यानं नाणं घालायला लागले. तांदूळ चढवणारी बाई दिसत नव्हती. रजेवर असेल, असं मी गृहीत धरलं आणि तिच्याऐवजी किलोकिलोचे मिठाचे पुडे एकेक करून स्वतःच ट्रॉलीत ठेवत गेले. विचारलं मात्र नाही. माझं काम अडत नव्हतं ना.

पुढच्या आठवड्यात एक दिवस माझं नाणं अडकलं. साखळी नीट बसवली, दोनदा दाबली, तरी नाणं येईना. दारातल्या बाईनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर तरुण, विद्यानगरच्या कुठल्याशा कॉलेजातून शिकून आलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अतिशय गोड. त्यानं खिशातून दहाची नोट काढून माझ्या हातात ठेवली आणि कन्नडमध्ये म्हणाला, "मॅडम, एक विनंती होती."

"बोला."

"तुम्ही रोज येता. ट्रॉली अर्धा तास वापरता. मिठाचे दहा पुडे घेता आणि परत ठेवता. कॅमेऱ्यात सगळं दिसतं, मॅडम. हे दुकान आहे, ग्राउंड नाही. खरं सांगायचं तर हे लॉक अशाच लोकांसाठी लावलंय."

"अशाच म्हणजे कशा?"

तो नुसता हसला. मागे रांगेत चार माणसं उभी होती, ती माझ्याकडे बघत होती. आता सगळ्यांना माझा पाय दिसत होता.

मी दहाची नोट घडी घालून त्याच्या शर्टाच्या खिशात परत ठेवली. मास्तरणीची सवय, हात तिथपर्यंत गेला. म्हटलं, "नाणं माझं आहे. नोट तुमची आहे. मला माझं नाणं पाहिजे." आणि बाहेर पडले. रिक्षा करून घरी आले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, दहा रुपयांसाठी एवढं कशाला? आपण दुसऱ्या दुकानात जाऊ. विद्यानगरला आहे की एक."

"मी कुठंही जाणार नाही," मी म्हटलं. "महिन्याच्या सामानाची यादी द्या मला. उद्या मीच आणते."

"आणि ट्रॉली?"

"ट्रॉली नाही घेणार."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली आहेत, त्याला कळलं. त्यानं यादी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाच्या आडचा वॉकर मी काढला, फडक्यानं पुसला, त्याच्या दांडीला कापडी पिशवी अडकवली आणि तो घेऊन रायापूरच्या त्या दुकानात शिरले. टक टक टक टक, त्या फरशीवर त्याचा आवाज शेवटच्या कपाटापर्यंत जात होता. दारातली बाई पुढे झाली. "अक्का, थांबा, माझ्याकडं नाणं हाय, मी घालतो." तिकडच्या बायका 'घालतो, जातो' असंच म्हणतात. मी म्हटलं, "नाणं माझ्याकडेही आहे. राहू द्या तुमचं."

मग मी सामान घ्यायला सुरुवात केली. तूरडाळ घेतली, पिशवीत टाकली आणि टक टक करत बिलाच्या टेबलापर्यंत गेले, तिथं ठेवली. परत आत आले. गूळ आणि शेंगदाणे. परत टेबल. पिशवीत दोन किलोच्या वर टाकता येत नव्हतं, वॉकर कलायचा. यादीत एकवीस जिनसा होत्या. बिल करणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, अजून किती आहे?" मी तिला यादी दाखवली. तिनं ती वाचली आणि कपाळाला हात लावला.

वॉकर चालला की मधली वाट बंद. माझ्यामागे ट्रॉल्या तुंबायला लागल्या. कुणी म्हणालं, "बाई, बाजूला व्हा की." मी बाजूला होत नव्हते. माझ्या मागं एक वयस्क सदरेवाले होते, बहुधा निवृत्त प्राध्यापक. त्यांनी विचारलं, "ट्रॉली का घेत नाही हो?" मी कारण सांगितलं, मोठ्यानं, वर्गात सांगते तसं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे असं. ते ऐकून त्यांनी आपली ट्रॉली तिथंच सोडली आणि उरलेलं सामान हातात घेऊन चालायला लागले. नंतर आणखी दोघी बायकांनी तेच केलं. फार काही क्रांती झाली नाही. तिघं जण. पण बिलाच्या टेबलावर चार ढीग झाले आणि कुणाचं कुठलं ते त्या मुलीला कळेना.

मॅनेजर धावत आला. "मॅडम, प्लीज री. मी स्वतः ट्रॉली सोडून देतो तुम्हाला."

"नको."

"नाणं नको, काही नको."

"माझ्यापुरतं नकोच आहे मला," मी म्हटलं आणि पोह्यांकडे निघाले.

नवव्या फेरीला पाय गेला. आधी गुडघा लटपटला, मग मांडीतली सळई आतून जळतेय असं वाटलं. मी कपाटाला टेकले. कुणीतरी खुर्ची आणली. बघितलं तर मॅनेजरनंच. क्षणभर वाटलं, बसू नये. पण हट्ट कितीही असला तरी उभं राहायला पायच लागतात. बसले. त्यानं पाण्याची बाटली दिली, ती प्याले. मग तो माझ्यासमोर, मिठाच्या कपाटाजवळ, खाली फरशीवर उकिडवा बसला. त्याचा इस्त्रीचा शर्ट खांद्याजवळ घामानं भिजला होता.

"काल मी बोलायला नको होतं," तो म्हणाला.

"नको होतं."

"पण मॅडम, ट्रॉल्या जातात. लोक घरापर्यंत नेतात. तुमच्या सप्तापुरात एका हॉस्टेलच्या गच्चीवर आमची ट्रॉली सापडली, त्यात कपडे वाळत होते. वरचे लोक मला विचारतात. लॉक लावलं की गोळा करायला माणूस लागत नाही, असंही त्यांनीच ठरवलं."

मी विचारलं, "म्हणजे ती तांदूळ ठेवणारी बाई?"

"तिला थांबवलं, मॅडम. लॉक आले त्याच दिवशी."

दोन आठवडे मी मिठाचे पुडे मोजत होते आणि तिची चौकशी करायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. स्वतःच्या अपमानाचा एवढा हिशेब मांडणारी मी! मॅनेजरचा राग जितका आला होता, तितकाच आता माझा आला. पण रागानं एक झालं, पायात बळ आलं.

"तक्रारवही आहे का?" मी विचारलं.

"नाही. ॲपवर करतात लोक."

मी उठले. वह्यांच्या कपाटापर्यंत गेले, शंभर पानी वही आणि एक पेन घेतलं, टेबलावर जाऊन आधी त्याचे पैसे दिले. मग खुर्चीवर बसून पहिल्या पानावर कन्नडमध्ये लिहिलं, फळ्यावर लिहिते तशा अक्षरात. ज्याला चालता येत नाही, ज्याच्या कडेवर मूल आहे, ज्याच्याजवळ हे नाणं नाही, त्यांनी सामान कसं न्यायचं? आणि ट्रॉल्या गोळा करणाऱ्या बाईला काढून ते काम तुम्ही आमच्याकडून का करून घेता? खाली सही केली. सही करताना हुद्दाही लिहिला, गणित शिक्षिका.

वही दारातल्या बाईच्या हातात दिली. ती मॅनेजरकडे बघायला लागली. तो दुसरीकडे बघत म्हणाला, "ठेवा तिथं, स्टुलावर."

त्यानंतर मी रोज वॉकर घेऊन गेले. तांदूळ नाहीत, मीठ नाही, टक टक करत नुसत्या फेऱ्या. मला कुणी अडवलं नाही. आल्यावर आधी वही बघायचे. पहिल्या आठवड्यात नऊ पानं भरली. कुणी दोन ओळी लिहिल्या, कुणी शिव्याही लिहिल्या. शिव्यांची पानं मी फाडली नाहीत. एका आजोबांनी मोडीच्या वळणाच्या अक्षरात, मराठीत लिहिलं होतं की नाणं मिळालं नाही म्हणून ते नातवाचं दूध न घेताच परत गेले. मॅनेजर पानांचे फोटो काढून वर पाठवायचा. मला सांगायचा, "पाठवले, मॅडम." मी म्हणायचे, "उद्याचेही पाठवा."

महिनाभरानं दाराच्या डाव्या बाजूला सहा ट्रॉल्या बिनकुलपाच्या लागल्या. वर पाटी होती आणि पाटीवर काठी टेकणाऱ्या वाकलेल्या माणसाचं चित्र. दारातली बाई मला बघून तोंडाला पदर लावून हसली. "अक्का, तुमचं चित्र लावलंय बघा."

मी मॅनेजरला म्हटलं, "चित्र काढा. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी. म्हातारं आहे हे सिद्ध करून ट्रॉली घ्यायची का?" चित्र निघालं नाही. पण त्या सहा ट्रॉल्या कधी जागेवर नसतात. कडेवर मूल असलेल्या बायका नेतात, कॉलेजची पोरंही नेतात, आणि सदरेवाले प्राध्यापक तर हक्कानं नेतात.

मला आता त्यांची गरज नाही. उन्हाळ्यात वॉकर सुटला, काठी आली, शाळा सुरू झाली तेव्हा काठीही सुटली. जरा लंगडते अजून. सप्तापूरच्या रस्त्यावर वॉकर घेऊन, काठी घेऊन, सगळ्यांच्या देखत चालले. त्या दुकानात एवढ्या लोकांसमोर टकटकाट करून झाल्यावर गल्लीतल्या माणसांचं काय मोठंसं? महिन्याचं सामान आणायला आम्ही अजून तिथंच जातो. नवरा नाणं घालून ट्रॉली सोडवतो, मी बघत नाही. तो त्याचा प्रश्न आहे.

ती तांदूळवाली बाई मात्र परत आली नाही. दारातल्या बाईकडून तिचा पत्ता काढला, फोन केला. रायापूरजवळच्याच एका कँटीनमध्ये भाकऱ्या करायला लागली होती. मी म्हटलं, तुम्हाला परत घ्या म्हणून मी दुकानात विचारतेय. ती म्हणाली, "कशाला अक्का? हितं बरं हाय. पाय कसा हाय तुमचा?"

तो मॅनेजर बदलून गेला. जाताना वही मला द्यायला आला होता, मी घेतली नाही, म्हटलं इथंच राहू दे. नवा मॅनेजर वयानं मोठा आहे. गेल्या महिन्यात पहिल्यांदा भेटला, तेव्हा नमस्कार करून म्हणाला, "काय पाहिजे होतं, मॅडम?"

म्हटलं, "ट्रॉल्या गोळा करायला इथं पूर्वी एक बाई होती. त्या जागेवर माणूस कधी घेणार?"

त्यानं मोबाइल काढला. "विचारतो वर," म्हणाला. मी तिथंच उभी राहिले, त्याचं लिहून होईपर्यंत.